दुसरी पेटी

प्रश्न : द्राक्षबागेच्या बांधावरून धाकट्या भावाशी आमचे बोलणे चार वर्षांपासून बंद आहे. भावाशी समेट करण्याविषयीचे प्रभू येशूचे वचन मला पाठ आहे. परंतु भांडण त्याने उकरून काढले असल्याने पाऊल त्यानेच टाकावे, असे मला वाटते. तरी मी भाच्याकरवी निरोप धाडला, आणि यंदा उपकारस्तुतीला (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला) बेदाण्याच्या एका पेटीऐवजी दोन पेट्या मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दिल्या. देव मन पाहतो, तर एवढे पुरेसे नाही का?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : निरोप धाडण्यामागची आपली तळमळ खरी आहे, तरीही उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील ५ व्या अध्यायाची २३ आणि २४ ही वचने पुन्हा सावकाश वाचावीत. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, अशी वेदीपाशी आठवण झाली तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, असे प्रभू सांगतो. चूक कोणाची, हे तेथे विचारलेलेच नाही. शिवाय ऐकणारे पुष्कळसे गालील प्रांतातले, आणि वेदी यरुशलेमेतल्या मंदिरात. म्हणजे सुमारे तीन दिवस पायी चालून आणलेले अर्पण तसेच ठेवायचे, गावी परतून भावाला भेटायचे आणि पुन्हा तेवढीच वाट तुडवायची. आपला भाऊ तर बांधापलीकडे आहे.

दुप्पट अर्पणाविषयी वाचताना मात्र मला इस्राएलाचा शौल राजा आठवला (१ शमुवेल, अध्याय १५). अमालेकी या शत्रू लोकांचे काहीही राखू नये, अशी त्याला आज्ञा होती. (ती वाचताना आजही मन चरकते, त्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे.) त्याने टाकाऊ जनावरे मारली, धष्टपुष्ट मेंढरे राखली, आणि शमुवेल संदेष्टा समोर येताच आपण परमेश्वराची आज्ञा पाळली, असे आपणहून सांगितले. मागे मेंढरे ओरडतच होती. खतासाठी रानात मेंढरे बसवणाऱ्या शेतकऱ्याला कळपाचा तो आवाज ठाऊक असतो. तो रात्रीसुद्धा झाकता येत नाही. शमुवेलाने त्या आवाजाविषयी विचारले, तेव्हा शौल म्हणाला, की लोकांनी ती देवाला यज्ञ करण्यासाठीच राखली आहेत. मला या प्रसंगाची भीती वाटते ती येथेच, कारण तो मनापासूनही तसे म्हणत असेल. आज्ञेतला न रुचलेला भाग वगळून त्या जागी अधिक भक्तीचे दिसणारे काम ठेवले, की माणसाला तेच आज्ञापालन वाटू लागते. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, हे शमुवेलाचे उत्तर त्या निवडक मेंढरांपुढे उभे राहून दिलेले आहे, आणि आपली दुसरी पेटी मला त्या मेंढरांच्या रांगेत दिसते.

आज्ञेत पदरची भर घालणेही टाळावे. बांधावरचा हक्क सोडून द्या, असे ते वचन म्हणत नाही. सरकारी मोजणी व्हायची तेव्हा होईल. पेट्या मंदिरात आहेत तेथेच राहू द्याव्यात, आणि याच आठवड्यात, भाच्याला न पाठवता, आपण स्वतः भावाच्या दारी जावे. त्या दिवशी मोजणीचा विषय काढू नये.