वॅटच्या रकान्यात काय भरायचं?

वाइनरीच्या टाकीतला कार्बन डायऑक्साइड जांभळ्या जिवाणूंना खाऊ घालायचा, कॅथोडवरून (वीज पुरवणाऱ्या ऋण टोकावरून) त्यांना इलेक्ट्रॉन द्यायचे आणि उपयोगी पदार्थ करून घ्यायचा, हा तुमचा प्रकल्प; त्यावर निधी देणाऱ्या कार्यालयाचा प्रश्न: "यातून किती वॅट वीज तयार होणार?" ही तुमची पोस्ट वाचताना आमचीच फाइल परत उघडल्यासारखं वाटलं.

आमचंही घोडं तिथेच अडलं. कार्यालयाचं नाव घेत नाही. जिवाणू आणि वीज म्हटलं की त्यांच्या लेखी मायक्रोबियल फ्युएल सेल, म्हणजे जिवाणूंकडून वीज मिळवायची बॅटरी, बाकी काही नाही. आम्ही लिहून दिलं की इथे वीज मिळत नाही, द्यावी लागते; रोडोस्युडोमोनास पॅलुस्ट्रिस हा जांभळा जिवाणू कॅथोडकडून इलेक्ट्रॉन घेतो, ऊर्जा प्रकाशातून घेतो आणि त्यावर कार्बन डायऑक्साइड पचवतो. साहेब म्हणाले, "मग रकाना रिकामा कसा?" शून्य भरलं, तर 'अकार्यक्षम' असा शेरा मारून फाइल परत! ती टेबलाटेबलांवर फिरेपर्यंत द्राक्षांचा हंगाम उलटला, टाक्या थंडावल्या आणि फुकटचा गॅस पुढच्या हंगामावर गेला. तुम्ही 'लागू नाही' लिहा आणि 'दर ग्रॅम उत्पादनामागे लागणारी वीज' असा वेगळा तक्ता जोडा. याच जिवाणूच्या इलेक्ट्रॉन घेण्यावरचा अर्पिता बोस आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकातला लेखही लावा. वाचणार कुणी नाही, पण फाइल जाड दिसते.

काय बनवायचं म्हणाल, तर ब्युटेनॉलच्या (इंधन म्हणून चालणाऱ्या अल्कोहोलच्या) नादी लागू नका, असं माझं मत. याच जिवाणूच्या टीआयई-१ या वाणाकडून ते २०२१ मध्ये करून घेतलं, पण बाहेरची जनुकं घालून, आणि हाती आलं ते मिलिग्रॅममध्ये. त्यापेक्षा पीएचबी बरं; हे जैवप्लास्टिक पेशी मुळातच साठवते.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे जीवशास्त्राचं गाईडकडून तपासून घ्या. पण करंट दिसला म्हणजे कार्बन पकडला, असं समजू नका. सिलिकॉनच्या नळीतून ऑक्सिजन झिरपतो आणि कॅथोडवर तोही करंट खातो. जिवाणू न घातलेली बाटली त्याच व्होल्टेजवर शेजारी ठेवाच. दिवा बंद केल्यावर करंट पडतो का, तेही बघा. टाकीच्या गॅसबरोबर अल्कोहोलची वाफ येते. हे जिवाणू सेंद्रिय खाऊही सोडत नाहीत, मग वाढ नेमकी कशावर झाली ते कळत नाही. गॅस पाण्यातून धुऊन घ्या.

दिव्यासाठी रोपांचे महागडे एलईडी कशाला? सीसीटीव्हीच्या रात्रीच्या दिव्यात ८५० नॅनोमीटरचे, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे एलईडी असतात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात चमक दिसली की चालू आहे समजायचं. डोळ्यांनी टक लावून बघू नका. आणि पोटेन्शिओस्टॅटला (कॅथोडचं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या यंत्राला) यूपीएस लावा, दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल नेम नाही.

एक राहिलं. कॅथोडसाठी तुम्ही '+०.१ व्होल्ट' लिहिलंय, ते कशाच्या तुलनेत? बोस यांच्या लेखातला आकडा हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेतला आहे. तुमचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) सिल्व्हर क्लोराइडचा असेल तर साधारण ०.२ वजा करा, म्हणजे −०.१ वर ठेवा.