दप्तरात शिरण्याआधी

पुरालेखागारात जायच्या आधी मोडी शीक, निदान अक्षरं लावण्याइतकी तरी. करवीर (कोल्हापूर) संस्थानचे बरेच कागद मोडीत आहेत आणि दुसऱ्याच्या लिप्यंतरावर पीएचडी उभी करणं धोक्याचं.

२६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम सगळेच उद्धृत करतात: संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. पण हुकमात दिसतो तो सरकारचा इरादा. अंमल झाला का, हे नेमणुकांच्या नोंदींत, पगारपत्रकांत शोधायचं. अर्ज वाचताना तर जास्तच जप; शब्द अर्जदाराचे की लिहून देणाऱ्या कारकुनाचे?

जुन्या वर्तमानपत्रांचं आशय विश्लेषण, म्हणजे मजकूर ठरावीक वर्गांत विभागून मोजणं, करणार असलीस तर मोजायचं एकक आधी ठरव: बातमी, अग्रलेख की परिच्छेद. मग थोडे अंक एखाद्या मैत्रिणीला त्याच व्याख्यांनी वर्गवारी करायला दे, तू कुठल्या मजकुराला कुठला संकेतांक (वर्गाची खूण) दिलास ते न दाखवता. दोघींचं जुळलं नाही तर व्याख्याच ढिली आहे. (योगायोगानं जुळलेलं वजा करायला ‘कोहेनचा कप्पा’ (Cohen's kappa) नावाचा आकडा काढतात.) नुसते शब्द मोजत बसू नकोस. बातमी ज्याच्याबद्दल आहे, तो माणूस तिच्यात बोलतो का, ते बघ.

आणि रुमालाचा (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक फोटो काढतानाच लिही. संध्याकाळी लिहीन म्हणालीस की मेलीस.