हत्ती-देवमाशांना कॅन्सर होत नाही का? मग त्यातून आपल्याला औषध का मिळत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हत्ती, देवमासे, कासवं एवढी वर्षं जगतात, तरी त्यांना कॅन्सर का होत नाही, ही पहिली. आणि वडिलांना तोंडाचा कॅन्सर निघालाय, कुणीतरी शार्कच्या कूर्चेच्या (म्हणजे लवचिक, मऊ हाडाच्या) गोळ्या सुचवल्यात, त्या द्याव्यात का, ही दुसरी. मी सोलापूर जिल्ह्यात पशुवैद्य आहे. दुसरीचं उत्तर आधीच देतो: त्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. कारण पुढे सांगतो.

जनावरांना कॅन्सर होतो. आमच्या सांगोला-मंगळवेढा भागातल्या खिलार बैलांत शिंगाचा कॅन्सर आम्हाला नवीन नाही. ऐन कामाच्या वयातला बैल सारखं डोकं झटकायला लागतो, झाडाला शिंग घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळलेला स्राव येतो. मग शिंग मुळाशी सैल होऊन एका अंगाला झुकतं. ते मुळापासून कापलं की आत पोकळीत फुलकोबीसारखं मऊ, सहज रक्त सुटणारं मांस भरलेलं दिसतं. लवकर आणलेला बैल वाचू शकतो. मालकाने "मार लागला असेल" म्हणून महिने काढले, तर हाती फारसं काही राहत नाही.

रानातल्या जनावरांत हे आपल्या नजरेला पडत नाही, कारण तिथे म्हातारपणच फार थोड्यांच्या वाट्याला येतं. नान्नजच्या माळावरचा लांडगा जरा अशक्त झाला, की आजार वाढायच्या आधीच भूक त्याला गाठते.

तरीही तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. हत्तीच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, आणि आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं. प्रत्येक पेशी बिघडण्याची शक्यता सारखी धरली, तर हत्तींत कॅन्सरचं प्रमाण प्रचंड असायला हवं. प्रत्यक्षात कॅन्सरने मरणारे हत्ती शंभरात पाचेक, माणसांत हाच आकडा अकरा ते पंचवीस. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पेटो यांनी १९७७ च्या सुमारास या विसंगतीकडे लक्ष वेधलं, म्हणून तिला पेटोचा विरोधाभास म्हणतात.

हत्तीचं उत्तर २०१५ साली पुढे आलं. पी-५३ नावाचं एक जनुक पेशीतल्या बिघाडावर राखण ठेवतं. डीएनए तुटला की ते पेशीला थांबवतं, आणि दुरुस्ती जमत नसेल तर मरायला लावतं. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यातली एक जन्मतःच सदोष असलेल्या कुटुंबांत कोवळ्या वयातच कॅन्सर होतात. हत्तीकडे या जनुकाच्या सुमारे चाळीस प्रती आहेत. प्रयोगशाळेत रेडिएशन दिल्यावर हत्तीच्या रक्तपेशी माणसाच्या पेशींच्या साधारण दुप्पट प्रमाणात मेल्या. बिघडलेली पेशी सांभाळत बसण्यापेक्षा हत्तीचं शरीर तिला सरळ काढून टाकतं.

उत्तर ध्रुवाकडच्या बोहेड देवमाशाची तऱ्हा उलटी. हा दोनशे वर्षं जगू शकतो. २००७ साली अलास्कात मारलेल्या एका बोहेडच्या मांसात १८९० च्या सुमाराच्या भाल्याचा तुकडा रुतलेला सापडला होता. त्याच्या पेशी मरण्यापेक्षा दुरुस्तीवर भर देतात, तुटलेला डीएनए कमी चुका करत जोडतात. पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट आपल्या उंदराएवढाच, पण उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो आणि हा तीस वर्षांच्या पुढे जातो. त्याच्या पेशींभोवतीचं हायलुरोनन हे चिकट द्रव्य फार लांब साखळीचं असतं आणि ते पेशींना बेसुमार वाढू देत नाही. त्यालाही कॅन्सर झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत, पण अगदी मोजक्या.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो २०२२ चा अभ्यास. सोळा जातींच्या सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या पेशी तपासल्या. डीएनएत दर वर्षी पडणारे बदल उंदरात सुमारे ८००, माणसात ४७. पण आयुष्य संपताना जवळपास प्रत्येक जातीत एकूण आकडा तीन हजारांच्या आसपास पोचतो! ज्याला जास्त जगायचं, त्याच्या शरीरात बदल साचण्याचा वेग कमी. आणि ही व्यवस्था लाखो वर्षांत जातीजातीने आपापली बसवलेली आहे, प्रत्येक पेशीत, जन्माच्या आधीपासून.

म्हणूनच ती खाऊन मिळत नाही. शार्कला कॅन्सर होत नाही हा समजही खोटा आहे, शार्कच्या अंगात गाठी सापडल्या आहेत. कूर्चा पोटात गेली की पचते. तरी डॉक्टरांनी ती रुग्णांवर तपासली. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१० साली आला: कूर्चेच्या अर्काने आयुष्य वाढलं नाही. औषध शोधण्याचं काम मात्र थांबलेलं नाही. मोल रॅटचं हायलुरोननचं जनुक उंदरांत घातल्यावर त्यांच्यात कॅन्सर कमी झाला आणि आयुष्य चारेक टक्क्यांनी वाढलं, हे २०२३ चं. माणसापर्यंत यायला अजून बरीच मजल आहे, आणि वडिलांचे उपचार तोवर थांबू शकत नाहीत.

आता वडिलांविषयी. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशन आणि रेडिएशनने बरा होऊ शकतो. लांब जाणं जमत नसेल तर आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथे दाखवा. मावा, तंबाखू, विडी जे काही चालू असेल ते आजच बंद करायला सांगा, कारण ते चालू राहिलं तर उपचारांचा गुण कमी येतो. आणि गोळ्या आधीच सुरू झाल्या असतील तर लपवू नका, डबी तशीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. गाठ किती मोठी आहे आणि मानेत पसरली आहे का, एवढं रिपोर्टमधलं इथे लिहिलंत, तर डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करायला मी मदत करेन.