न फोडलेल्या बाटल्या आणि फसलेल्या बाटल्या: बर्बनबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बर्बन म्हणजे काय यावर थोडं लिहिलं होतं. अमेरिकेतच बनलेली, धान्यात निदान ५१ टक्के मका असलेली, आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की म्हणजे बर्बन, एवढंच खरं तर. पण त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मला वाटलं होतं लोक विचारतील कुठली घेऊ, पण जवळजवळ सगळ्यांनी विचारलंय की घेतलेल्यांचं काय करू.

माझा चुलतभाऊ बोटीवर असतो, दर सुट्टीला एकदोन बर्बन आणतो, मीही प्रवासात घेतो. आता घरी ३४ झाल्यात, त्यातल्या २१ अजून सील. हॉलमधल्या काचेच्या कपाटात लावल्यात, संध्याकाळचं ऊन पडलं की बघत राहावंसं वाटतं. बायको विचारते या पिणार कधी. मी म्हणतो राहू देत, जुन्या होतील तशा चांगल्या होतील. माझं बरोबर ना?
— एक वाचक, फोंडा

नाही हो भाऊ, वहिनींचं बरोबर आहे. व्हिस्की मुरते ती पिंपात, बाटलीत भरली की तिथेच थांबते. १२ वर्षांची बर्बन तुमच्याकडे आणखी १० वर्षं राहिली तरी ती १२ वर्षांचीच. बाटलीत ती सुधारत नाही, फार तर आहे तशी टिकते, आणि टिकायला सुद्धा तिला अंधार आणि गारवा लागतो. त्यामुळे पहिलं काम आजच करा, त्या उन्हातल्या कपाटातून सगळ्या बाहेर काढा. बर्बनचा रंग पिंपाच्या लाकडाचा असतो, वरून रंग घालायला परवानगीच नाही, आणि उन्हाने तो रंगही उतरतो आणि चवही पांचट होते. घराच्या मधल्या खोलीतलं लाकडी कपाट, तेही खालचा कप्पा. फ्रिजच्या डोक्यावर नको, स्वयंपाकघरात नको, कौलांखालच्या माळ्यावर तर अजिबात नको, एप्रिल-मेमध्ये तिथे काय भट्टी होते ते तुम्हाला सांगायला नको.

मी स्वतः हे भोगलंय म्हणून एवढ्या कळकळीने सांगतोय. एक चांगली बाटली मुलीच्या नोकरीला फोडू म्हणून आठ वर्षं माळ्यावर ठेवली होती, खोक्यात, कोणाचा हात लागू नये म्हणून, आणि तो दिवस आला तेव्हा खाली उतरवली तर सील तसंच पण आतली दोन बोटं गायब, बूच हातात तुटलं, आणि चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्यासारखी. मुलगी म्हणाली असू दे बाबा. पण मला वाईट वाटलं ते वाटलंच.

आता त्या २१ चं. एका रविवारी सगळ्या जमिनीवर मांडा आणि एक वही घ्या. नाव, किती टक्क्याची, कोणी आणली, कधी. मग प्रत्येक बाटली हातात घेऊन एकच प्रश्न विचारा, ही कधी उघडणार? उत्तर आलं तर वहीत तारीख किंवा निमित्त लिहा, भावाची पुढची सुट्टी, घराचं काम पूर्ण होईल तो दिवस, काहीही पण ठरलेलं. उत्तर येत नसेल तर ती बाटली तुमची नाही, कोणाला तरी द्यायची आहे. एकाच नावाच्या तीन असतील (बोटीवरचे लोक हमखास तीच तीच आणतात, दुकानात तीच असते) तर एक उघडा, एक ठेवा, एक द्या. आणि भावाला आत्ताच फोन करून सांगा की पुढच्या वेळी गव्हाची आण. बहुतेक बर्बनमध्ये मक्याबरोबर राय हे धान्य असतं, तिने जिभेला मिरीसारखी धार लागते, मेकर्स मार्कसारख्या काहींत रायऐवजी गहू असतो, ती मऊ लागते. ३४ बाटल्या असून सगळ्यांची चव एकच असेल तर त्याला संग्रह म्हणायला माझं मन होत नाही.

उघडलेल्या तुमच्याकडे १३ आहेत, त्या खूप झाल्या. पाच ठेवा, फार तर सहा. अर्ध्याच्या वर भरलेली बाटली वर्षभर आरामात राहते, पण एक तृतीयांशावर आली की आतली हवा वाढते आणि चव भराभर उतरते. तेव्हा क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने धुवून, पूर्ण सुकवून, उरलेली त्यात गळ्यापर्यंत भरा, १८० मिलीचा तोच खरा उपयोग. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बुडाला लावा. शोभेच्या क्रिस्टलच्या सुरईत मात्र महिनोन् महिने ठेवू नका, जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं आणि ते दारूत उतरतं.

दोन गोष्टी राहिल्या. बाटल्या कमी करायच्या म्हणजे रोज जास्त प्यायची असं नाही, वाटायच्या, चारजणांत उघडायच्या. आणि घरात किती दारू ठेवायची याला अबकारी खात्याची मर्यादा असते, ३४ म्हणजे तालुक्याच्या अबकारी कार्यालयात एकदा जाऊन विचाराच. परदेशातून येताना माणशी २ लिटरची सूट असते, ती विमानतळावरची बिलं जपून ठेवा.

एक खूप महागाची बर्बन घेतली, सगळे तिचं कौतुक करतात. उघडली तर नेलपॉलिशचा वास आणि नुसतं कडू लाकूड. पैसे गेले म्हणून झोप लागत नाही. ओतून टाकू का? नाव छापू नका.
— एक वाचक, मडगाव

ओतू नका! आणि पहिल्या पेगवर निकाल देऊ नका. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की त्या रात्री शागोती होती, तर दादा, तिखट आणि मसाल्याने जीभ बधिर झालेली असताना कुठलीही व्हिस्की जाळच लागणार. बाटलीतला एक पेग कमी करा, बूच लावा, तीन आठवडे विसरून जा. मग संध्याकाळी जेवणाआधी ३० मिली ग्लासात घ्या आणि पंधरा मिनिटं तसाच ठेवा, तो नेलपॉलिशचा वास बराचसा उडून जातो.

मग टक्केवारी बघा. अमेरिकन लेबलवर प्रूफ लिहितात, त्याचं अर्धं म्हणजे आपले टक्के. तुमची १२० प्रूफ आहे म्हणजे ६० टक्के, ती सरळ पिणं कठीणच. ३० मिलीत १० मिली साधं पाणी घातलं की ती ४५ टक्क्यांवर येते, बहुतेक नेहमीच्या बर्बन ४० ते ५० मध्येच असतात. पाणी घालणं म्हणजे कमीपणा असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, कारखान्यात सुद्धा पिंपातून काढल्यावर बहुतेक बाटल्यांत पाणी घालूनच भरतात.

कडू लाकडाचं कारण वेगळं आहे, आणि ते कळलं की पुढच्या खरेदीत पैसे वाचतील. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात मुरते, बर्बनला कायद्याने कोरं पिंप लागतं, आणि बहुतेक बर्बन बनते त्या अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा उन्हाळा कडक. कोऱ्या जाळलेल्या लाकडातून रस लवकर उतरतो, म्हणून सहा ते दहा वर्षांत बर्बन छान तयार होते, पुढे पंधरा-अठरावर गेली की लाकूड कधी कधी सगळ्यावर बसतं. स्कॉचच्या हिशोबाने जास्त वर्षं म्हणजे जास्त भारी असं धरून आपण महाग घेतो आणि तिथेच फसतो. (त्यांची ती एकदा वापरलेली पिंपं मग जगभर जातात, आपल्या कुंकळ्ळीतली पॉल जॉन सुद्धा बर्बनच्याच पिंपात मुरते.)

एवढं करूनही नाही आवडली तर घरच्यांना सांगा, 'तीन सारख्या ग्लासात तीन बर्बन ओता, मला नावं सांगू नका.' न बघता प्यायल्यावर किती जणांचं मत बदलतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तरी तीच तळाला राहिली तर मान्य करा, तुमच्या जिभेला ती नाही आवडत, संपलं. मग ती माडाच्या गुळाबरोबर घ्या. थोडा गूळ तेवढ्याच पाण्यात विरघळवून गाळायचा, त्याचा एक चमचा, ६० मिली बर्बन, बिटर्सचे (कॉकटेलमध्ये घालायच्या कडू अर्काचे) दोन थेंब, मोठा बर्फ, वरून संत्र्याची साल पिळायची. ओल्ड फॅशन्ड नावाचं जुनं कॉकटेलच ते, पण माडाच्या गुळाचा जो धुरकट गोडवा आहे तो त्या कडू लाकडाला असा काही धरतो की माझ्याकडे अशाच एका बाटलीचे शेवटचे दोन पेग मला पुरवून वापरावे लागले. नाहीतर सप्टेंबरपासून शेजारी नाताळच्या केकसाठी मनुका-बेदाणे भिजत घालतात, त्यांना द्या, केकचा तुकडा घरी येईलच.

उरलेल्या दोनतीन बर्बन एकत्र करून एक कायमची मिसळीची बाटली ठेवायची पद्धत आहे, ती चांगलीच आहे, फक्त आधी ३० मिलीत मिसळून चव बघा, एक वाईट बाटली पाच चांगल्यांना बिघडवू शकते. आणि मित्राला देणार असाल तर मला नाही आवडली हे सांगून द्या.

वाळपईचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. दर पावसाळ्यात लेबलांवर बुरशी, आणि आता बुचं तुटायला लागलीत. आडव्या ठेवू का वाइनसारख्या?
— एक वाचक, सत्तरी

आडव्या नकोच. वाइनमध्ये दारूचं प्रमाण कमी, तिच्यात बूच भिजलेलं चालतं, पण ४०-५० टक्क्यांत बूच सतत बुडालं तर मऊ पडून चुरा होतं. उभ्याच ठेवा, दोन महिन्यातून एकदा क्षणभर उलटी करून बूच ओलं करा, बस. संपलेल्या बाटल्यांची चांगली बुचं टाकू नका, डब्यात ठेवा, एखादं तुटलं की मापाचं सापडतं. तुटून आत पडलं तर घाबरू नका, धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून किंवा कॉफीच्या फिल्टरमधून गाळा आणि दुसऱ्या बाटलीत भरा, चव कुठे जात नाही. आपल्या हवेत लांब ठेवायची असेल तर फिरकीचं झाकण असलेलीच ठेवावी असं माझं मत झालंय, दिसायला साधी असली तरी.

लेबलांसाठी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पावसाळ्यात महिन्याला बदला. डांबरगोळ्या नकोत. आणि त्याच कपाटात पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) सुकी मासळी असेल तर आधी ती हलवा, खोक्यांना आणि बुचांना तो वास असा बसतो की जात नाही.

कोल्हापूरच्या मेव्हण्याला दोन द्यायच्यात, गाडीतून नेऊ का? आणि चार बाटल्या ओळखीत विकल्या तर चालेल?
— एक वाचक, पेडणे

दोन्हीला नाही. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर 'दोनच बाटल्या आहेत' हे कोणी ऐकून घेत नाही. विकायला लायसन्स लागतं, ओळखीतही. मेव्हण्यांनाच बोलवा, इथे उघडा, रात्री राहू द्या.

बाबा तारवटी होते, म्हणजे बोटीवर नोकरीला, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या कपाटात नऊ बाटल्या निघाल्या. एकीच्या झाकणावरून हिरवी कागदी पट्टी चिकटवलेली आहे, खाली पेनने बाबांच्या अक्षरात "रिटायर झाल्यावर". रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली होती तरी उघडली नाही. मी पीत नाही, भाऊ म्हणतात तू ठरव. मला ना टाकवत ना कोणाला द्यावी वाटत.
— एक वाचक, ताळगाव

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी त्या हिरव्या पट्टीचं सांगतो. अमेरिकेत दारूच्या झाकणावर कर भरल्याची अशी पट्टी १९८५ पर्यंत असायची, आणि हिरवी म्हणजे बॉटल्ड इन बॉन्ड. हा १८९७ चा कायदा आहे, त्या काळी भेसळ फार चालायची म्हणून आणलेला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात काढलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची, तरच ती पट्टी. भिंग घेऊन बघा, त्या पट्टीवर कुठल्या हंगामात काढली आणि कधी भरली हे बारीक छापलेलं असायचं, वाचता आलं तर बाबा तेव्हा कुठल्या बोटीवर होते तेही जुन्या कागदांवरून जुळवता येईल.

म्हणजे बाबांनी जपलेली वस्तू खरंच जपण्यासारखी होती, हे तुम्हाला कळावं असं वाटलं. पण ती आता चाळीस वर्षांच्या वर झाली, आणि आणखी दहा वर्षांनी ती यापेक्षा चांगली नसेल, कदाचित बूच सुटून अर्धी झालेली असेल. त्यांनी ती उघडायची म्हणूनच ठेवली होती, तसं लिहिलंय त्यांनी. त्यांच्याबरोबर बोटीवर असलेले कोण कोण अजून आहेत ते शोधा, दोघं भाऊ, ती माणसं, बाबांचा वाढदिवस धरून दुपारी घरी बोलवा. तुम्ही प्यायची गरज नाही, ओतायचं काम तुम्ही करा. बाकीच्या आठ भावांना वाटून टाका, त्यांचं एवढं ओझं घेऊ नका.

उघडण्याआधी उजेडात धरून पातळी बघा, खांद्याच्या वर असेल तर बहुतेक ठीक आहे. बूच असेल तर सरळ ओढू नका, हळूहळू फिरवत काढा, गाळायला फडकं जवळ ठेवा. वास कुबट आला तर नुसता वास घेऊन ठेवून द्या, कोणी आग्रहाने पिऊ नये. चांगली निघाली तर ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी त्याच दिवशी छोट्या बाटल्यांत भरून नावं लिहा. पट्टीला पाणी लावू नका, नव्या ब्लेडने झाकणाच्या कडेला कापा, म्हणजे गळ्यावरचा भाग शाबूत राहील, आणि बाबांचं अक्षर आहे तिथे फडकंही फिरवू नका.