माळीकामाला डिग्री कशाला?

प्रश्न: ताई, मी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात लँडस्केप डिझाइन अँड मॅनेजमेंटचा 2 वर्षांचा कोर्स करायचा म्हणतेय, पण घरचे म्हणतात माळीकामाला डिग्री कशाला? शिवाय मला चित्रं धड काढता येत नाहीत, जमेल का?

उत्तर: अगं चित्रांचं टेन्शन सोड, स्केलमध्ये प्लॅन काढायला तिथे शिकवतात, आधी हाताने मग कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर. खरा घाम काढतात ती झाडं आणि माती. बोटॅनिकल नावं स्पेलिंगसकट पाठ करायची, आणि हिवाळ्यात पानं झडली की नुसत्या कळ्या नि साल बघून झाड ओळखायचं, तेव्हा भल्याभल्यांची भंबेरी उडते. मातीचं म्हणशील तर फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरायचा, ते जिरलं की परत भरायचा आणि तासाला किती इंच उतरतं ते पट्टीने मोजायचं, अर्धा इंचही उतरलं नाही तर तिथे बऱ्याच झाडांची मुळं कुजणार, मग वर डिझाइन कितीही देखणं असो. मॅनेजमेंटमध्ये एस्टिमेट, ड्रिपची देखभाल, छाटणी कधी करायची वगैरे, आणि मला विचारशील तर पोटापाण्याला हाच भाग जास्त कामाचा (घरच्यांना हेच सांग!).

एक मात्र आहे, या असोसिएट डिग्रीवर (म्हणजे तुझ्या 2 वर्षांच्या कोर्सच्या पदवीवर) लगेच लँडस्केप आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, त्याला लायसन्स लागतं, तिथल्या 50 च्या 50 राज्यांत. पुढे बॅचलर्स करायचं असेल तर इथल्या कुठल्या विषयांचे क्रेडिट तिथे धरले जातात (ट्रान्सफर होतात) ते त्या युनिव्हर्सिटीकडून आधीच लेखी घे, तोंडी शब्दावर विसंबू नकोस.