दहावीची वाट बघू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. विशेष शिक्षक म्हणून रुजू होऊन चार महिने झाले आणि यादीतली दहावीची तीन दिव्यांग मुलं मार्चनंतर कुठे जाणार, हा प्रश्न तुला आत्ता पडलाय. उशीर झालाय खरा, पण तुझ्या आधीच्यांना तो पडलाही नव्हता, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी आठवीपासून सुरू कर. म्हणजे मुलांना कामाला जुंप असं नव्हे. अठरा पूर्ण होईपर्यंत नुसता सराव, बघणं, फिरणं.

कागद आधी उरकून घे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे का, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत कधी संपते, त्यावर टक्के 40 किंवा जास्त आहेत का. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत किमान 4 टक्के जागा राखीव आहेत, आणि पालक तेवढंच धरून बसतात. ‘सरकारी लागेल ना?’ त्यांचा हिरमोड करू नकोस. पण आपल्याकडे काम निघतं ते काजूच्या कारखान्यात, आंब्याच्या पेट्या भरायला, लॉजवर. तिथे राखीव जागा नाही, मालकालाच पटावं लागतं.

मी पहिल्यांदा तिथेच चुकले. वेंगुर्ल्याकडच्या एका कारखानदाराला म्हटलं, ‘गरीब पोर आहे, सांभाळून घ्या.’ त्याने सांभाळलं की! खुर्ची दिली, चहा दिला, शनिवारी हातावर शंभर रुपये ठेवले. काम मात्र दिलं नाही. महिन्याभरात पोरगा घरी. मागितलं तेच मिळालं होतं मला.

दुसऱ्या मुलाच्या वेळी आधी एकटीच जाऊन दोन दिवस तिथल्या बायकांत बसले. काजू फोडायला बसवायचं नाही हे पक्कं केलं, टरफलातल्या तेलाने हात भाजतात. निवडायच्या टेबलावर जागा होती. तिथे 240, 320 अशी प्रतवारी चालते, म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात तो आकडा. आमच्या मुलाला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं. पण प्रतवारीच्या आधी अख्खा गर आणि पाकळी, म्हणजे दुभंगलेला अर्धा गर, वेगळी करावी लागते, त्याला आकडा कशाला? दोन ट्रे ठेवले. एकापुढे पुठ्ठ्यावर अख्खा गर चिकटवला, दुसऱ्यापुढे पाकळी. मालक म्हणाला, ‘बाई, ह्येका जमतला?’ म्हटलं, आठ दिवस बघा, नाही जमलं तर मीच घेऊन जाते. आठव्या दिवशी त्याने स्वतः पाकळीचा ट्रे चाळला. अख्खा गर एकही नव्हता.

अडलं ते एसटीपाशी. मुलाला पाटी वाचता येत नव्हती, म्हणून खिशात ‘शिरोडा’ लिहिलेलं कार्ड दिलं. अक्षरं पाटीशी जुळवायची आणि चढायचं. आधी मी शेजारी बसायचे, मग मागच्या सीटवर ओळख नसल्यासारखी, मग नुसती उतरायच्या थांब्यावर उभी. सगळं जमलं. आणि एका संध्याकाळी चालकाने पाटी फिरवलीच नाही. ‘वेंगुर्ला’ लिहिलेली गाडी शिरोड्याला निघून गेली, हा पावसात अंधार पडेपर्यंत स्टँडवर. आईने दुसऱ्या दिवसापासून काम बंद केलं. तिचं काय चुकलं? दोन आठवडे तिच्या पडवीत जाऊन बसत होते, तेव्हा कुठे ती तयार झाली. मग पाटी जुळो न जुळो, दर गाडीच्या कंडक्टरला कार्ड दाखवायचं, एवढंच नव्याने शिकवलं. ते शिकवायला मी आठवीपासून तीन वर्षं घालवली असती तर तो पावसात उभा राहिला नसता.

तेच कार्ड सोबत पाठवतेय, नमुना म्हणून. गाव तुझं घाल आणि अक्षरं पाटीवर असतात तशीच जाड काढ. काही गाड्यांवर आता सरकती अक्षरं असतात, त्यांच्याशी कार्ड जुळवणं मुलांना जड जातं. तुझ्या डेपोत कुठल्या पाट्या आहेत ते आधी बघून ये.

तुझ्या,
बाई