छडी न उगारता आठवीचा दंगेखोर वर्ग कसा आवरायचा?

तुम्ही लिहिलंय, जूनपासून आठवीला गणित शिकवताय, वर्गात ५२ मुलं आहेत, रोज घसा बसतो, पुढच्या दोन बाकांपलीकडे कुणी ऐकत नाही. आणि शाळेतले जुने शिक्षक सांगतात, "एकदा हात उचला मॅडम, मग बघा कसे सरळ होतात." तुम्हाला ते करायचं नाही. करूच नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला, दोन्हींना बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवून मी तुम्हाला माझ्या हातून घडलेलं सांगतो.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर १९ वर्षं मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवतोय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आठवीत एक मुलगा होता. खिडकीजवळ, शेवटच्या बाकावर बसायचा. तास रंगात आला की हटकून त्याची कंपासपेटी खाली पडायची. पत्र्याची पेटी, फरशीवर खणखणाट, वर्ग हसायचा, मग पाच मिनिटं गेली. एके दिवशी मी सगळ्यांसमोर त्याच्या हातावर लाकडी पट्टी मारली. त्या दिवसापासून तो माझ्या तासाला हूं की चूं करेना. मला वाटलं, जमलं.

पुढच्या महिन्यात वह्या तपासताना त्याची वही हाती आली. अक्षर सुरेख, प्रत्येक गणित उतरवलेलं. एका पानावर मी थांबलो. फळ्यावर लिहिताना मी सात आठे चोपन्न अशी चूक केली होती, मुलांनी ओरडून दाखवली आणि मी ती लगेच पुसली. याच्या वहीत ५४ तसंच होतं, भोवती पट्टीनं आखलेली चौकट. म्हणजे तो गणित करत नव्हता. चित्र काढावं तसा फळा उतरवून घेत होता.

शाळा सुटल्यावर त्याला जवळ बसवून ९६ भागिले ४ दिलं. तो कागदावर उभ्या रेघा मारायला लागला. चाळीसएक रेघा झाल्या, कागद संपला, तो थांबला. मी विचारलं, भागाकार शिकवला नव्हता का कुणी? म्हणाला, "तिसरीला अन् चौथीला मी कारखान्याला होतो, सर." आमच्याकडे याचा अर्थ सांगावा लागत नाही. आईवडलांचा कोयता दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतो तो पाडव्याच्या आसपास परततो. दोन वर्षं अर्धी शाळा बुडाली आणि नेमका भागाकार तिथं राहिला. नंतर कुणी विचारलं नाही, मीही नाही. कंपासपेटी कधी पडायची तेही तेव्हा लक्षात आलं. मी ओळीनं उत्तरं विचारत यायचो आणि पाळी त्याच्यापासून दोन मुलांवर आली की ती पडायची.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याला म्हणालो, "त्या दिवशी तुला मारलं ते माझं चुकलं." मारलं सगळ्यांसमोर होतं, म्हणून हेही सगळ्यांसमोर. तो खाली बघत राहिला. मग रोज खिचडी खाऊन झाली की मधल्या सुट्टीत वीस मिनिटं आम्ही बसायचो. ज्वारीच्या ताटाच्या कांड्या करून दहा-दहाचे गठ्ठे बांधले. गठ्ठे वाटायचे, उरलेला गठ्ठा सोडून सुट्या कांड्या करायच्या, त्या वाटायच्या. भागाकार म्हणजे एवढंच असतं, हे त्याच्या हातांना कळलं. संक्रांतीपर्यंत त्याला यायला लागलं. पेटी पुन्हा कधी पडली नाही.

म्हणून मी तुम्हाला सांगतो, दंगा करणारं पोर बहुतेक वेळा काहीतरी झाकत असतं. "मला येत नाही" असं सगळ्यांपुढे उघडं पडण्यापेक्षा "हा लई वांड आहे" हे नाव त्याला परवडतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला अब्रू असते, मोठ्या माणसाइतकीच.

तेव्हापासून जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिले दोन आठवडे मी पुस्तक उघडत नाही. बाकीच्यांना काम लावून एकेका मुलाला पाच मिनिटं शेजारी बसवतो. एक उतारा वाचायला, हातच्याची एक वजाबाकी, एक भागाकार. गुण नाहीत, शेरा नाही, फक्त माझ्या वहीत नोंद. तुमचा जून गेला असला तरी हरकत नाही, आत्ता करा. तुमच्या ५२ जणांना दोन आठवडे लागतील. "पोर्शन मागे पडेल" असं कुणी म्हणेल. ज्याला भागाकार येत नाही त्याच्यापुढे बैजिक राशींचे अवयव पाडून पोर्शन पुढे जातो, मूल जात नाही.

आता रोजच्या तासाचं. गोंगाट बहुतेक पहिल्या पाच मिनिटांतच हातातून सुटतो, कारण त्या वेळात मुलांना काही काम नसतं. आपण हजेरी घेत असतो, खडू शोधत असतो. मी आधीच्या सुट्टीतच फळ्यावर तीन गणितं लिहून ठेवतो. पहिलं कुणालाही येईल असं, तिसरं चांगल्या मुलालाही डोकं खाजवायला लावणारं. आत आलं की वही काढायची आणि लागायचं. हजेरी मी त्याच वेळात घेतो. "शांत बसा" म्हणावं लागत नाही. हे वळण पडायला तीन आठवडे लागतात, एकही दिवस खाडा न करता.

आवाज चढवू नका. तुम्ही चढवला की तेही चढवतात. खुर्ची सोडा, शेवटच्या बाकाजवळ उभं राहून शिकवा, अधूनमधून फळ्याकडे जा. आणि प्रश्न विचारलात की थांबा. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं मोठी झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. मी मनात एक-दोन-तीन म्हणतो. तोवर "सर मी, सर मी" करत हात वर करायचा नाही, असा नियम आहे. पाळी ओळीनं लावत नाही, कारण ती पेटी मला आठवते. ज्याला विचारणार त्याला आधी हळूच सांगून ठेवतो, "दुसरं गणित तुला विचारणार आहे." तो तयार असतो आणि वर्गासमोर त्याचं उत्तर बरोबर येतं.

बक्षिसांचं तुम्ही विचारलंय. पेन, चॉकलेट, वहीवर तारे मीही दिले, पुढे थांबवलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं कमी चित्रं काढायला लागली. माझ्याकडेही पेन संपले की प्रश्न यायचा, "आज काय मिळणार, सर?" आता मी मुलानं काय केलं तेवढंच सांगतो. "हुशार आहेस" म्हणत नाही. "या वेळी हातचा विसरला नाहीस" म्हणतो. मुलाला खरी आणि खोटी शाबासकी लगेच कळते.

आठवीला मात्र एक खरं उद्दिष्ट हाताशी आहे, ते सोडू नका. एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असावी. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीला तालुक्याला जायचं, तिथं मुलीचं शिक्षण थांबतं आणि लग्नाचं बोलणं सुरू होतं. "शिक्षणाचं महत्त्व" या विषयावर बापासमोर मी कितीही बोललो तरी काही हलत नाही. पण पोरीच्या नावानं बँकेत वर्षाला १२,००० येणार आहेत आणि एसटीचा पास तिला फुकट आहे, हे सांगितल्यावर तो खाटेवर सरकून मला बसायला जागा देतो. आणि मुलीच्या अभ्यासाला घरात जागा होते.

पालकांना फोन करायचाच असेल तर पहिला फोन चांगल्या बातमीचा करा. शाळेतून फोन आला की समोरून पहिला प्रश्न येतो, "काय केलं आता त्यानं?" त्यावर "आज त्यानं फळ्यावर येऊन गणित सोडवलं, एवढंच सांगायला केला" असं म्हणून ठेवून द्या. पुढे कधी तक्रार सांगायची वेळ आली तर ते ऐकून घेतात.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, तिचा दोष स्वतःवर घेऊ नका. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा, असं कायदाच म्हणतो. ५२ मुलांचा वर्ग हा मुलांवरही अन्याय आहे. मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांपर्यंत लेखी कळवा, पोच घ्या.

उद्यापासून एवढं करा. सगळ्यांत जास्त त्रास देणारी तीन मुलं निवडा आणि आठवडाभर फक्त नोंद ठेवा, कुणी तासाच्या कितव्या मिनिटाला दंगा केला आणि त्या वेळी तुम्ही वर्गाला काय करायला सांगितलं होतं. ती नोंद मला इथं पाठवा, मुलांची नावं न लिहिता. तिघांसाठी कुठून सुरुवात करायची ते आपण मिळून बघू.